पाठीवरचा चुना

आर्वी सोडली त्या सकाळी बसची वेळ होईपर्यंत मी माजघरातल्या भिंतीला टेकून बसलो होतो. उठलो तर निळ्या शर्टाची पाठ पांढरी. आईनं दारातच थांबवलं. "चुना घेऊनच चालला काय जबलपूरले?" म्हणाली आणि पाठ झटकत राहिली. एवढा काही चुना लागला नव्हता, हे मला बसमध्ये कळलं.

बँकेतल्या नोकरीची सुरुवातीची वर्षं जबलपूरच्या रांझी भागात भाड्याच्या खोलीत गेली, मग इथंच फ्लॅट घेतला. बाबा गेल्यावर त्यातली एक खोली आईची, असं आम्ही ठरवलं. तिला आणायचं मात्र मी दर वर्षी पुढं ढकलत गेलो. यंदा ती न्हाणीत घसरून पडली. हात प्लास्टरमध्ये, आणि शेजारच्या काकू पोळ्या करून देतात हे ऐकलं, तेव्हा मी खोली रंगवायला काढली. जणू रंगासाठीच सगळं अडलं होतं.

पेंटरनं भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवले. दोन्ही ऑफ-व्हाइट. डावा सायीसारखा, उजव्यात निळसर झाक, असून नसल्यासारखी. मुलगी म्हणाली, "पापा, दोनों सेम तो हैं." बायकोलाही फरक दिसेना. मला दिसत होता. दिवाळीआधी आई चुन्याच्या बादलीत नीळ टाकायची, बोटभर भिंतीला लावून वाळू द्यायची, मान हलवायची आणि आणखी चिमूटभर टाकायची. आमच्या घरात ही आठवण माझ्या एकट्याचीच आहे.

मी व्हिडिओ कॉल लावला. आईनं फोन डोळ्यांशी नेला.

"डावा पिवळट आहे बाप्पा. उजवा आपल्या माजघरासारखा दिसून राहिला."

"मग तोच लावतो. येशील न आता?"

"तसाच रंग असन तर तिथं काहून येऊ? माझं माजघर आहे न इथं." ती हसली. मग हळूच म्हणाली, "तूच ये न. यंदा भिंतीले चुना लावायचा राहिला."

"सुट्टीचं पाहतो," मी म्हणालो. नेहमी म्हणतो तसंच.

उजवाच रंग लावून घेतला. हुबेहूब जमला आहे. तुमच्यापैकी जे घर सोडून आले, त्यांनीही कुठे ना कुठे असं काही जुळवून पाहिलं असेल. काल संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बराच वेळ बसलो. उठल्यावर सवयीनं आरशात पाठ पाहिली.

शर्ट स्वच्छ होता. झटकण्यासारखं काही नव्हतं.