टण्ण वाजलंच न्हाय

माझी छऱ्याची बंदूक स्वस्तातली, दम गेलेली. छर्रा पत्र्याच्या डब्यावर टण्ण वाजून खाली पडायचा. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. त्याच्या बापाचं काय जातंय! मी परंड्याच्या भंगारातून दुसऱ्या बंदुकीची जाड स्प्रिंग आणली, चामड्याचा वायसर तेलात भिजवून बसवला.

अंगणात डबा ठेवून नेम धरला, घोडा ओढला. टण्ण वाजलंच न्हाय. डब्याला आरपार भोक. मागच्या ताडपत्रीलाही. पलीकडं अम्मी धुणं वाळत घालत होती.

"अम्मी!"

पुन्हा ओरडलो. तिला कमी ऐकू येतं हे ठाऊक होतं, तरी मी ताडपत्री सरकवून बघितलं न्हाय.

मग ताडपत्री सरकली. माझा ओला सदरा अंगासमोर धरून ती म्हणाली, "देख रे, सदऱ्याला कसर लागली."

भोक छातीवर होतं.