तिसरी पायरी

धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावच्या कॉलेजात मी संगणक शिकवायची तेव्हा प्रयोगशाळेतल्या दहाही मशीनच्या डिस्क इवल्याशा होत्या. गावात सगळीकडे कॉपी केलेल्या सीडी चालायच्या. मी मात्र फुकट मिळणारी, कायदेशीर सिस्टीम टाकली. ती एका डिस्कवर मावेना, म्हणून भंगारातून आणखी डिस्क आणल्या आणि निम्मे प्रोग्रॅम त्यांच्यावर नेऊन ठेवले. या जुगाडाचा मला इतका गर्व की प्राचार्यांना तो दोनदा दाखवला.

पुढे सिस्टीमची नवी आवृत्ती आली आणि मशीन सुरू होताना डिस्कची मांडणी तपासू लागली. पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची, ही मांडणी आता चालत नाही, बदलून घ्या. म्हणणं रास्तच होतं, सुरू होतानाच लागणारे प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर होते. सकाळी उठल्याउठल्या चहा मांडायचा आणि साखरेचा डबा शेजारणीकडे, असा माझा संसार. पण कुरकुरत का होईना, मशीन सुरू व्हायचं. दहाही मशीन नव्याने मांडायचा मला आळस. मुलांना सांगून टाकलं, तिकडे लक्ष देऊ नका.

मुलं गुणी होती. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतावर, बांधीत असायचा, त्यामुळे एकीची वही सगळ्यांत फिरायची. त्यात संगणक सुरू करण्याच्या पायऱ्या होत्या. एक, बटण दाबणे. दोन, सूचना येईल. तीन, तिकडे लक्ष न देणे. चाचणीत सगळ्यांनी हेच लिहिलं आणि मीही पूर्ण गुण दिले.

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी, बाहेरच्या परीक्षकांवर छाप पडावी म्हणून मी सगळीकडे सर्वांत नवी आवृत्ती टाकली आणि एकही मशीन पुन्हा सुरू करून न बघता घरी गेले. सकाळी दहाही पडद्यांवर तीच ओळ आली. खाली एक नवी ओळ होती, म्हणून मशीन सुरू होत नाही. माझ्या आळसापायी मुलांचं वर्ष जाणार होतं. मुलं मात्र शांत बसली होती. त्यांची तिसरी पायरी चालू होती.

परीक्षकांनी पडद्याकडे बोट दाखवून वहीवालीला विचारलं, तिथे काय लिहिलंय?

"मॅडमनं सांगतलं ना जी, तिकडं ध्यान द्याचं नाही म्हून." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आज द्याचं का जी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षकांना दया आली असावी, त्यांनी पुढच्या सोमवारी परीक्षा घेतली, तोवर मी दहाही मशीन नव्याने मांडली आणि सगळे पास झाले. पण वहीतली तिसरी पायरी खोडा, हे सांगायचं मी लाजेने टाळलं. ती वही पुढच्या वर्गाकडे गेली.