डेअरीत न घातलेलं दूध

पनवेलहून निघालो तेव्हाच मला बर्फाची काळजी लागली होती. सोबत केनियाच्या पशुवैद्य वांजिरूबाई. औषधांना दाद न देणारे जंतू कुठे नि कसे पसरताहेत हे शोधायला पाच-सहा देशांनी मिळून काम काढलंय. सगळीकडे त्याच बाटल्या, तेच प्रश्न. आमच्या वाट्याला रायगडातलं दूध आलं आणि माझ्या वाट्याला दुभाषेपण. नमुने थंड राहिले पाहिजेत, आणि जीव टांगणीला लावून घ्यायला मला एवढं निमित्त पुरतं.

चौकला पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं पाणी झालेलंच. ढाब्यावर मिसळ मागवली नि मालकांना बर्फ विचारला.

"मासळी हाय का?"

"नाही हो, दूध भरायचंय. तपासायला."

"दूध नि तपासायला!" ते हसले, पण बर्फ त्यांनी स्वतः भरून दिला. वांजिरूबाई तिखटाने आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत दुसरा पाव मागत होत्या.

कर्जत ओलांडून कडावला आलो. भात झोडून झालं होतं, खाचरांत वाल पेरायची घाई चालली होती. नमुने द्यायला तयार झालेल्या सुनंदाताईंच्या गोठ्यात तीन म्हशी. एकीला दगडी (कासेची सूज) झालेली, चार दिवस इंजेक्शनं चालू. नमुने घेता घेता कळलं की त्यांची सहा वर्षांची मनू कर्जतला दवाखान्यात आहे. लघवीच्या जंतुदोषाने ताप. दोन औषधं झाली, उतार नाही. तिसरं कोणतं द्यायचं ते रिपोर्टवर ठरणार होतं आणि रिपोर्ट संध्याकाळी येणार होता.

"येवढंसं पोर, कसं सोसंल वो?" त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी माझ्या हातात थर्मास दिला. "ताई, जाता जाता मनूच्या बापाकडं द्या. घरचं दूध हाय."

मी सहज विचारलं, "कुठल्या म्हशीचं?"

"दगडीवालीचं. इंजेक्शन हाय म्हणून डेअरी घेत नाय. मंग काय ओतून द्यायचं? लक्ष्मी हाय ती. आमी उकळून घरातच पितो."

मला खरं तर ओरडावंसंच वाटत होतं. सगळं वांजिरूबाईंना सांगितलं. त्या पुन्हा ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "माझी आई हेच करायची. डेअरीने परत केलेलं आम्हा भावंडांना पाजायची. फेकायला तिचाही हात धजायचा नाही." मग त्यांनी शांतपणे समजावलं, की उकळल्याने जंतू मरतात पण दुधात उतरलेलं इंजेक्शनचं औषध जात नाही, आणि असं थोडंथोडं औषध पोटात जात राहिलं की अंगातले जंतू त्याला सरावतात.

सुनंदाताईंचा चेहरा उतरला. "मंग माझ्या मनूला ह्यानंच झालं?"

"यानेच, असं नाही सांगता येत. याने नाही, असंही नाही सांगता येत." वांजिरूबाईंचं हे उत्तर मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

त्यांनी थर्मास घेतला, हात जोडले आणि परसातल्या खड्ड्यात रिकामा केला. मग घासून, दुसऱ्या म्हशीचं दूध उकळून भरून दिलं. दवाखान्यात मनू झोपली होती, ओठ सुकलेले. तिच्या बापाने थर्मास घेतला नि उशाशी ठेवला.

परतीला चौक मागे टाकेपर्यंत सुनंदाताईंचा फोन आला. "ताई, रिपोर्ट आला. एक औषध चालंल म्हणले. एकच."

मला रडूच आलं, इतका आनंद झाला.

"पन ह्ये नाय लागू पडलं, तर फुडचं बाईंच्या देशात तरी आसंल ना? इचारा की."

मी विचारलं. वांजिरूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. एवढ्या देशांतून आम्ही बाटल्या भरत हिंडतोय, पण पुढचं औषध कुणाकडेच नाही, हे त्या मुलीच्या आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

"ताई? आयकू येतंय ना?"

"हो," मी म्हटलं. "येतंय."