ओल्या फडक्यातली चिंबोरी

रविवारी सिंकमध्ये चिंबोऱ्या धुताना तो खारट, चिखलाचा वास हाताला लागला. बाहेरच्या खोलीत आमचे हे पाहुण्यांना मासेमारी शिकवत होते. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बसून! म्हणे, "गळाला चिंबोरी लावायची तर दणदणीत, नांग्या मारणारी!"

लग्नानंतर बाबा आम्हा दोघांना होडीतून खाडीत घेऊन गेलेला. त्याआधी दोन दिवस तो टोपलीतल्या चिंबोऱ्यांच्या पाठी अंगठ्यानं दाबून पाहत होता. शेवटी एक मिळाली, नुकतंच कवच टाकलेली, लोण्यासारखी मऊ. तांब मासा हिच्यावरच तुटून पडतो. पाय मोडायचे, दोन तुकडे करायचे, दोऱ्यानं गळाला बांधायचे. जावयासाठी म्हणून बाबानं ती ओल्या फडक्यात जिवंत जपून आणलेली.

बाबा नांगर टाकत होता, तेवढ्यात ह्यांनी फडकं उघडलं. "शी, ही तर मेलीये!" म्हणत ती पाण्यात भिरकावली आणि स्वतः निवडलेली दगडासारखी चिंबोरी गळाला लावली. ओहोटी लागेपर्यंत दोरी हलली नाही.

"खाडीत मासेच उरले नाहीत," ह्यांनी निकाल दिला.

"एक तरी हाय, जावईबापू," बाबा म्हणाला. "त्याला तुम्ही जेवायला घातलंत."

हे खो खो हसले. टोमणा ह्यांना आजही कळलेला नाही. अशा माणसावर काय चिडायचं?

पण मी त्या होडीत वाढलेली पोर. मला सगळं कळत होतं. तरी नव्या नवऱ्याकडे बघत मी म्हणाले, "जाऊ दे ना बाबा, मेलेलीच तर होती."

बाबानं माझ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या फडक्याची घडी घातली.