मोकळ्या सीटची रिक्षा

“जरा नैसर्गिक राहा,” असं तो म्हणायचा आणि आम्हा बायकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचा. मग दोन पावलं मागं सरकून मोबाइल वर धरायचा. “आता हात धुताय असं करा. नळाकडं बघा, माझ्याकडं नको.” नळाला पाणी नसायचं. पण फोटोत ते कुठं दिसतंय?

तुमच्याही गल्लीत त्या कोरोनात असा एखादा येऊन गेला असेलच. आमच्याकडं, मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं, हा आला. कुठल्याशा संस्थेला मोठा निधी मिळाला होता, गोरगरिबांपर्यंत आरोग्य पोचवायला. आरोग्य वाटेत कुठं राहिलं देव जाणे, हा मात्र पोचला. चाळिशीचा, चार पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला वाटावा असा, गळ्यात दोरीला सॅनिटायझरची बाटली. संस्थेचे मास्क माझ्या मशीनवर शिवायला दिलेले, म्हणून रोज माझ्या ओट्यावर येऊन टेकायचा. तोंडानं मला काकू म्हणायचा आणि कागदावर ‘लाभार्थी क्रमांक चार’. मास्क मी शिवायचे, आणि लाभार्थीही मीच!

आमची गल्ली म्हणजे दुष्काळानं गोळा केलेली माणसं. कुणी लासूरकडून, कुणी कन्नडकडून. विहिरी आटत गेल्या तसे आले, पत्रे ठोकले, राहिले. शहर वाढलं, पाण्याची लाइन होती तेवढीच राहिली. आठ-आठ दिवसांनी नळ. अशा ठिकाणी हा वीस सेकंद हात कसे धुवायचे ते शिकवायचा. पाण्याचा जार स्वतःच्या स्कूटरवरून आणायचा, तेवढं कबूल करते. पहिल्या दिवशी दोन बाया आल्या. जारची बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली आली, हंडे घेऊन.

“साहेब, धुते की हात,” शेजारची विमल म्हणाली, “पण खाली घमेलं ठेवू का? तेवढीच दोन भांडी निघतील.”

त्यानं घमेल्याचा वेगळा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘लोकांचा उत्स्फूर्त सहभाग’.

मग लस आली. केंद्र रुळांच्या पलीकडं, एका शाळेत. संस्थेनं प्रचाराची रिक्षा काढली. वर भोंगा, दोन्ही बाजूंना फलक, ड्रायव्हरशेजारी माइक धरून हा. “ज्येष्ठ नागरिकांनी त्वरित केंद्रावर जावे!” रोज सकाळी ती रिक्षा आमच्या दारावरून निघायची ती थेट केंद्राच्या पायरीपर्यंत जायची. मागची सीट मोकळी.

माझ्या भिंतीला भिंत लावून कडूबाई राहायची, देवगाव रंगारीची. कंबरेचं हाड मोडलेलं. संडासापर्यंत जायला सून लागायची. समोरच्या घरातली दोन माणसं एका आठवड्यात गेली आणि हिनं धसका घेतला. “मला ती सुई टोचून आणा गं,” दिवसभर भिंतीपलीकडून तेच. सुनेची धुण्याभांड्याची कामं बंद पडलेली, आणि रिक्षावाले तर आजारी माणूस म्हटलं की गल्लीत वळायचेच नाहीत.

मी त्याला धरलं. “हिला तुझ्या रिक्षातून ने.”

“काकू, वाहतूक निधीत बसत नाही.”

“मग काय बसतं?”

“जनजागृती.”

“अरे बाबा, ती जागीच आहे! डोळ्याला डोळा नाही तिच्या. तिला आणखी काय जागं करतोस, उचलून ने.”

“नियम आहे. प्रचाराच्या रिक्षात लाभार्थी बसवायचे नाहीत. फक्त प्रचारक.”

भिंतीपलीकडून आवाज आला, “मग मला प्रचारक कर की मुडद्या! तोंड तर चालतंय माझं!”

तो हसला नाही. त्यानं फाइल काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळीवर बोट ठेवून नियम पुन्हा वाचला. प्रचारकाला चालता आलं पाहिजे असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“बसतंय,” तो म्हणाला. पोराला बोर्डात नंबर लागल्यावर बापाचा होतो तसा चेहरा झाला होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी कडूबाई दोन उशांच्या मध्ये, हातात माइक. “अगं ए शांते, दारातून काय बघतीस? म्या मोडक्या कंबरेची चालले, तुला काय धाड भरलीय? आन् तो पाटलाचा म्हातारा कुठंय? सुईला भितो व्हय? सहा बाळंतपणं केली म्या, सुईचं काय लई कौतुक!” तो पुढच्या सीटवरून वळून “आजी, जरा सभ्य, जरा सभ्य” करत होता. सभ्य बोलून महिनाभरात जेवढे गेले नव्हते, तेवढे त्या दिवशी रिक्षाच्या मागं चालत गेले.

मग रोज नवा प्रचारक. दम्याची एक आजी, पाय सुजलेले एक मास्तर. लकव्यानं वाचा गेलेले एक गृहस्थ होते, त्यांच्या हातात त्यानं फलक दिला. नियम म्हणजे नियम.

पुढं संस्थेच्या वरच्या बाई पाहणीला आल्या. प्रचारकांची यादी बघून खूष झाल्या, म्हणाल्या, यांना भेटायचंय. त्यानं भेटवलं, एकेका पलंगापाशी नेऊन. तिसऱ्या पलंगापाशी बाई थांबल्या आणि इंग्रजीत बरंच बोलल्या. तो मराठीत म्हणाला, “मॅडम, पण सगळ्यांना लस मिळालीय.” त्याच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं सरळ वाक्य. सोमवारी त्याच्या जागी दुसरे साहेब आले.

कडूबाईला दुसरी सुई द्यायची वेळ आली. नव्या साहेबांना विचारलं. “बसत नाही,” म्हणाले, आणि फाइलही उघडली नाही. दुसरी सुई तिला त्याच दिवशी मिळाली, ते सांगून ठेवते; पण ती कशी, तेही ऐका. विमल, शांता, सून आणि मी, चौघींनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही खुर्ची टेकवून घाम पुसतोय, तेवढ्यात मागून ती रिक्षा आली आणि आमच्या शेजारी उभी राहिली. भोंगा चालूच, ज्येष्ठांनी त्वरित जावे. सीट मोकळी. कडूबाईनं अशा शिव्या दिल्या की इथं लिहिता यायच्या नाहीत.

मग पदरानं तोंड पुसलं. “त्या आधीच्या येड्यालाच बोलवा की गं,” म्हणाली. “घर कुठंय त्याचं?”

आमची वयं, आमचे आजार, आधारचे आकडे, सगळं त्याच्याकडं लिहिलेलं होतं. किती महिने माझ्या ओट्यावर टेकला. मी त्याची टिंगल केली, चहा पाजला. घरी कोण असतं, कुठं राहतोस, हे कधी विचारलंच नव्हतं.

“नाय माहीत,” मी म्हणाले.

गाडी गेली, फाटक वर झालं. आधी रिक्षा गेली. मग आम्ही खुर्ची उचलली.