चंपाबाईंची साक्ष

पोलादपुरात ब्लाउज शिवून घ्यायचा असेल तर चंपाबाई साळव्यांकडे जावं, आणि बोलणी खायची तयारी ठेवून जावं. माप घेता घेता बाई गिऱ्हाइकाच्या वाढलेल्या दंडापासून रुसलेल्या सुनेपर्यंत सगळ्याची चौकशी करतात. मी विनीत, महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. आमच्या महाडच्या ख्रिस्ती मंडळीत चंपाबाई, शाळेत शिकवणारी उज्वला आणि मी असं त्रिकूट दहा वर्षं टिकून आहे. मध्यंतरी एकदा बाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, तो आठवडा बरा गेला.

अशी ही बाई मंडळीपुढे उभं राहायचं म्हटलं की मात्र गप्प. आमच्यात साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात. बाईंचा मोडलेला पाय नुकताच प्लास्टरमधून सुटला होता. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार असं आमच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, वाटलं आणि त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, पुढच्या रविवारी चंपाबाईंची साक्ष.

बाईंनी मला घरी बोलावून घेतलं.

"विनीत, मी काय सांगू? दीड महिना खाटेवर पडून हाका मारल्या. देव काय आला नाय. खोटी साक्ष देऊ काय? त्यापेक्षा मी मंडळीत यायचंच बंद करते."

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी जमलं नाही. बाई खरंच सोडून जातील याची मला भीती वाटली आणि मी नुसतं "बघू" म्हणालो.

हे बोलणं शेजारच्या राहीबाईंच्या कानावर गेलं. राहीबाई शेतकरी घरातल्या, ग्रामदेवतेला मानणाऱ्या. साक्ष म्हटली की त्यांना एकच जागा ठाऊक, महाडचं कोर्ट. संध्याकाळपर्यंत चंपाबाईंवर केस झाल्याचं आळीभर झालं. समोरच्या घरातल्या हैबतीनं ओळखीचा वकील सुचवला. राहीबाईंनी दारात येऊन बजावलं, "खोटी साक्ष देऊ नको गो, आत टाकतील. मी येते संगती."

चंपाबाईंनी तीनदा समजावून सांगितलं. राहीबाईंचं एकच, "मंग मी आले तर बिघडलं काय?"

रविवारी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. लागलं तर असावं म्हणून आधार कार्डही आणलं होतं. गाणी झाली, प्रार्थना झाली, पाळकांनी चंपाबाईंना पुढे बोलावलं. बाई उभ्या राहिल्या, पदराचं टोक पिळत राहिल्या. उज्वलानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

तेवढ्यात मागून राहीबाई उठल्या. "साहेब, हिची वाचा बसली. मी शेजारीण हाय. डोळ्यांनी बघितलंय तेवढं सांगू?"

पाळक गोंधळून हो म्हणाले.

"ही उज्वला रोज शाळा सुटली की यायची. हिला न्हाऊ घालायची, येणी घालायची. आन हा विनीत, रातपाळी करून सकाळी थेट फटफटीवर यायचा. पाणी भरायचा, भाकऱ्या थापायचा. भाकऱ्या सगळ्या करपलेल्या. ही त्याला नाय नाय ते बोलायची. तो मुकाट ऐकायचा, दुसऱ्या दिवशी परत हजर. माझी सख्खी भैन याच गावात हाय, मी पडले तेव्हा दोनदा आली. तुमचा देव आला का नाय, मला ठाव नाय. मी बघितलं ते सांगितलं."

मग त्यांनी आधार कार्ड पुढे केलं आणि सही कुठं करायची ते विचारलं.

सगळे हसले. माझे कान तापले होते. त्या भाकऱ्यांची गोष्ट गावभर होईल एवढंच मला दिसत होतं. चंपाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उज्वलाकडे आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळे मिटून, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "देवा, माफ कर. तू रोज येत होतास, आणि मी तुला भाकरी करपली म्हणून बोलत होते."