डावी बाही उघडणारं जॅकेट

मागच्या गुरुवारी दौंडच्या डायलिसिस सेंटरमध्ये एका अनोळखी बाईंच्या अंगावर माझ्या वडिलांचं जॅकेट दिसलं. आबांना जाऊन दोन महिने झालेत. डॉक्टरांनी धाकट्या भावाचीही तपासणी करायला सांगितलीय, त्यासाठी आबांचे जुने रिपोर्ट हवे होते... ते घ्यायला मी गेले होते.

ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. ते जॅकेट मीच करून घेतलं होतं.

मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत चेकिंगला आहे. आमच्याकडे जॅकेटच्या अस्तरावर चंदेरी ठिपक्यांचं कोटिंग छापतात. अंगातून बाहेर पडणारी ऊब हे ठिपके परत अंगाकडे वळवतात, आणि मधल्या मोकळ्या कापडातून घाम निघून जातो. त्यामुळे जॅकेट पातळ, वजनाला हलकं, तरी उबदार.

दिवसभर लाइटच्या टेबलावर मी ते ठिपके बघते... कुठे तुटलेत, कुठे पुसट आलेत. हे पुढे कोण घालत असेल, असा विचार कधी केला नव्हता.

आबांचं डायलिसिस सुरू झालं आणि तो करावा लागला. यवतजवळ माझं माहेर. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती, आबांनी शेती धरली, शेवंती लावली. पहाटेच्या दवात फुलं तोडणारा माणूस... थंडी वाजते असं कधी म्हणाले नाहीत. पण रक्त चार तास मशीनमधून फिरून, गार होऊन अंगात परत येतं, त्यात वरून एसी. आबा अक्षरशः कुडकुडायचे.

घोंगडी आत नेऊ देत नव्हते, लोकर पडते म्हणून. चादर वर ओढली की सुया लावलेला हात झाकला जायचा, आणि तो हात सिस्टरना सतत दिसावा लागतो.

मग साहेबांना विचारून रिजेक्ट झालेल्या अस्तराचा एक तुकडा रीतसर गेटपासवर घेतला. यवतच्या टेलरताईंनी त्याचं जॅकेट शिवून दिलं. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चेनने उघडणारी, म्हणजे हात मोकळा राहील आणि बाकी अंग झाकलेलं. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "आज बरं गेलं."

दोन-अडीच महिने ते जॅकेट त्यांनी वापरलं. सोमवारी भाऊ त्यांना घेऊन जायचा, गुरुवारी माझी सुट्टी म्हणून मी. अशाच एका गुरुवारी यवतच्या स्टँडवर बघते तर जॅकेट नाही. "सोमवारी राहिलं बसमधी कुठंतरी," आबा म्हणाले.

मी फार चिडले. चार माणसांदेखत म्हणाले, "आबा, तुम्हाला कशाची किंमतच नाही." ते दौंडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, घरीच, ते गेले. ते तीन आठवडे सेंटरमध्ये त्यांनी नुसत्या चादरीवर भागवलं. दुसरं करून देते असं मी म्हणालेसुद्धा नाही... राग धरून बसले होते.

आणि आता ते जॅकेट माझ्यासमोर होतं. एरवी नातेवाइकांना आत सोडत नाहीत, पण माझा चेहरा बघून सिस्टरनी पाच मिनिटं जाऊ दिलं. मला बघताच त्या बाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"आबांच्या लेक ना तुम्ही?" त्याच म्हणाल्या. "वळखते मी. बाहेर बाकावर बसायच्या."

त्यांचं नाव हिराबाई. भीमेकाठच्या गावच्या, भाजीपाला करतात. त्यांच्या डाव्या हाताची शीर बंद पडलीय, म्हणून सुया उजव्या हाताला. उघडणारी बाही नेमकी डावी... चादर घसरली तेव्हा दिसलं, जॅकेटमध्ये फक्त डावा हात होता. उजवी बाही पाठीखाली रिकामी पडलेली, आणि उजवा खांदा उघडाच.

"त्या दिशी मला लई हीव भरलं, दात वाजाया लागले. आबा बाजूच्या बेडवर हुते. त्यांचं झालं, ते उठले आन् अंगातलं काढून माझ्यावर घातलं. म्हणले, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

जरा थांबून त्या खाली बघत म्हणाल्या, "मीच म्हणलं त्यांना, लेकीला सांगू नका, ती परत मागंल. पिशवीत लपवून आणायची मी. लाज वाटायची, पन सोडवत बी न्हवतं." आणि मोकळ्या हाताने त्या जॅकेट अंगावरून सरकवायला लागल्या.

मी त्यांचा हात धरला. मग मीही सांगून टाकलं... स्टँडवर आबांना काय बोलले ते. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

हिराबाईंनी जॅकेट परत अंगाशी ओढून घेतलं. "त्यातलं आमाला काय बोलले न्हाईत ते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव निघालं की म्हणायचे, माझी पोरगी ठिपके तपासती."

सिस्टरकडून बँडेजची पट्टी मागून घेतली आणि हिराबाईंच्या उजव्या हाताचं माप घेतलं. साहेबांनी पुन्हा तुकडा दिला, टेलरताईंनी दोन दिवसांत शिवून दिलं. या वेळी उजवी बाही उघडणारी.

आज ते घेऊन गेले होते. हिराबाईंनी आबांचं जॅकेट धुऊन, घडी घालून आणलं होतं. क्षणभर वाटलं, घरी न्यावं... पण सिस्टरकडे दिलं. डाव्या हाताला सुया लागणारे पेशंटच तिथे जास्त आहेत.

काम झालं होतं, आत माझं कोणी नव्हतं. तरी हिराबाई बाहेर येईपर्यंत चार तास त्या बाकावर बसून राहिले.

आबांची माफी मागायची राहून गेली, ती राहिलीच. पण हिराबाई त्या दिवशी काही न बोलता पडून राहिल्या असत्या, तर माझे वडील विसरभोळे होते असंच मी जन्मभर समजत राहिले असते... त्या खरं बोलल्या, त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.